भेकराचा खोकला

आमच्या फ्रीजमधल्या डब्यांवर पिवळे टॅग असतात, हे मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई हसून हसून बेजार झाली होती. गणराज, म्हणजे माझा नवरा, निघोज्याला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे तपासलेला माल ठीक असेल तर हिरवा टॅग, बाद असेल तर लाल, आणि काही कळत नसेल तर पिवळा. पिवळा म्हणजे होल्ड. तो माल वापरायचा नाही आणि फेकायचाही नाही, नुसता बाजूला ठेवायचा. परवाची आमटी आंबली की काय अशी शंका आली की हा डब्याला पिवळा टॅग लावून मोकळा, आणि मग माझी वाट बघत बसणार. कारण कंपनीचा दुसरा नियम असा की ज्याने होल्ड केलं त्याने स्वतः सोडायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तपासून खाली सही करायची, आणि पुढे काही बिघडलं तर मानगूट धरतात ती त्या सही करणाऱ्याची. आमच्या घरात सही करणारी मी. वास घ्यायचा, बोट बुडवून चाखायचं आणि म्हणायचं, सोडला माल.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये. बालवाडीतली वीस पोरं सांभाळून घरी आल्यावर आमटीवर सही करायला कुणाला हौस असेल? पण माणूस सरळ आहे. त्याला हो कळतं, नाही कळतं. मधलंच काही आलं की त्याचा जीव खालीवर होतो.

तनुजा झाली तेव्हा मी मंचरला आईकडे होते. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते, त्यामुळे दर गुरुवारी हा सकाळीच दारात हजर. आल्याबरोबर हात धुवून तिला घ्यायचा, ते संध्याकाळी निघेपर्यंत खाली ठेवायचा नाही. आई कुरकुरायची की जावईबापू, तिला हातांची सवय लावून तुम्ही जाल आणि फिरावं आम्हाला लागेल. तो ऐकतोय कुठला. आधी डोक्याखाली तळवा, मग पाठीखाली, मग उचलायचं, हे त्याने नर्सकडून शिकून घेतलं होतं आणि उलट मलाच शिकवायचा. मी काळेवाडीला आमच्या घरी परत आले तेव्हाही संध्याकाळी पोरगी त्याचीच असायची. मला निवांत चहा मिळायचा.

आणि एका संध्याकाळी तो आला तो तोंडाला मास्क लावून. तनुजाने त्याचा आवाज ऐकून हातपाय झाडले, पण तो उंबऱ्यातूनच सरळ बाथरूममध्ये गेला. सर्दी झालीय, म्हणाला. अंथरूण हॉलमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सर्दीचं नाव, पण नाक कोरडं. खोकला मात्र होता, अधूनमधून, कोरडा. मी काढा करून दिला तर कप वेगळा ठेवला, स्वतः धुतला आणि खिडकीत उन्हात वाळत टाकला. मी तनुजाला त्याच्याकडे द्यायला गेले की हा मागे सरकायचा. एकदा तर इतका घाईने सरकला की त्याची पाठ शोकेसवर आपटली.

मग म्हणाला, कंपनीत कस्टमर ऑडिट आहे, उशिरापर्यंत थांबावं लागतं, थोडे दिवस धनेशच्या खोलीवर राहतो. धनेश त्याच्याच लाइनवरचा, निघोज्यात भाड्याने राहतो. बॅग भरताना त्याने तनुजाकडे पाहिलंसुद्धा नाही. गेला.

मला काही समजेना. आमचं भांडण झालं नव्हतं. नोकरी शाबूत होती. बरं, घर नकोसं झालं म्हणावं, तर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. मोबाइल तिच्यावर धर, म्हणायचा. मी धरायचे. मग तो बोलायचाच नाही, नुसता बघत राहायचा, आणि एकदम कॉल कट. पोरगी नको असती तर बघितलं कशाला असतं? आणि हवी असेल तर राहतोय कशाला तिकडे? मी या दोन प्रश्नांमध्ये दिवसभर हेलपाटे घालायचे आणि त्या नादात पोळ्या करपवायचे.

समोरच्या शुभदाकाकू एरवी भल्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यात, तनुजाला तेल लावायला येतात. त्यांनी एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता अगदी हळू आवाजात सांगितलं, की काही पुरुषांना मुलगी झाली की वेळ लागतो, उघड बोलत नाहीत, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी हसून सोडून दिलं आणि मनाला लावून घेतलं. मंचरचे सगळे गुरुवार मी डोक्यात उलटेपालटे करून पाहिले. तेव्हाचं प्रेम खरं की आत्ताचं मागे सरकणं खरं? मला खूप राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती, हे आत्ता कबूल करायला हरकत नाही.

असे तीन-चार आठवडे गेले, आणि दर गुरुवारी तो म्हणायचा, ऑडिटमुळे आजही ड्युटी आहे. शेवटी एका गुरुवारी मी खाली उतरले. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायकांचे नवरे त्याच पट्ट्यात कामाला. सगळे खाली गाड्या धूत होते. त्याच्याच कंपनीतला दुसऱ्या मजल्यावरचा रोहिदास लुंगीवर दूध आणायला निघाला होता. त्याला ऑडिटचं विचारलं तर तो गोंधळून म्हणाला, ऑडिट तर मागच्या महिन्यातच झालं की वहिनी. मी वर आले, तनुजाला टोपडं बांधलं, पिशवी घेतली आणि निघाले. भोसरीला बस बदलली, कुरुळी फाट्यावर उतरून शेअर रिक्षा केली. वाटेत काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. एकेक वाक्य असं धारदार केलं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं.

धनेशची खोली म्हणजे एका लांबलचक चाळीतली, शेत कंपनीला गेल्यावर उरलेल्या जागेत बांधलेली. घरमालकीण सुमनताई अंगणात शेळ्यांपुढे पाला टाकत होत्या. मी गणराजचं नाव घेतल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग तनुजाकडे पाहिलं.

"तू त्याची मंडळी व्हय? मला वाटलं, त्याला कुनी न्हाईच. हितं आल्यापास्नं एकटाच त्या लिंबाखाली बसून जेवतुया. ताट येगळं, गिलास येगळा. माझ्या शेळ्यांनाबी शिवत न्हाई. म्या म्हनलं, सोवळं हाय का काय तुझं. तर म्हनतो, मावशी, त्या हरनाचं मला लागलं असंल."

मी विचारलं, कसलं हरीण? माझी घोकलेली वाक्यं तिथेच कोलमडली.

सुमनताईंनी मग सगळं सांगितलं. कंपनीच्या मागच्या भिंतीपलीकडे ओढा आणि थोडी झाडी उरली आहे. तिकडून पहाटे भुंकल्याचा आवाज यायचा. वॉचमनने भटक्या कुत्र्याची तक्रारही केली होती. कुत्रं नव्हतं, भेकर होतं. हरणातलंच, पण भुंकतं. एका सकाळी ते स्क्रॅप यार्डात शिरलं आणि पॅकिंगच्या पट्ट्यांमध्ये पाय अडकून पडलं. गणराजने पट्ट्या कापल्या, पण ते उठेना. हाडांचा सापळा झाला होता. वनखात्याची माणसं येईपर्यंत हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, पाणी पाजत. ते माणसासारखं खोकत होतं, याच्या तोंडावर. गाडी आली तेव्हा ते याच्याच मांडीवर गेलेलं होतं. पुढे वनखात्याचा माणूस चौकशी करत आला, की जनावराला हात कुणी कुणी लावला होता. जनावरांच्या डॉक्टरने कापून पाहिलं तर फुप्फुसं गाठींनी भरलेली, हुबेहूब टीबीसारखी.

एवढ्यात गणराज नळावरून बादली घेऊन आला. आम्हाला पाहिलं आणि होता तिथेच थांबला. मास्क नाकावर ओढला आणि चार पावलं मागे भिंतीपर्यंत गेला.

"तिथंच थांब, दिपाली. वारा तुमच्याकडं वाहतोय."

वाऱ्याचं ऐकून माझं डोकंच फिरलं. मी तशीच उभी राहून, सुमनताईंसमोर, शेजारपाजारच्या खोल्यांना ऐकू जाईल अशी बोलले. हरणाचं आत्ताच ऐकलं होतं, तरी तोंडात घोकलेल्यातलं एकच वाक्य उरलं होतं.

"मुलगी झाली म्हणून तू घर सोडलंस. बिल्डिंगमध्ये बोलतात तसं. मलाही तेच वाटलं."

त्याने बादली खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोलले होते. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि मास्कमधूनच म्हणाला, "तुला असं वाटलं?" माझी सगळी तलवार तिथेच म्यान झाली, आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटली.

मग तो बोलला, तुटक तुटक, अंगणाच्या त्या टोकावरून. त्याचे वडील छातीच्या आजाराने गेले एवढं मला माहीत होतं. पण ते महिनोन् महिने गावाकडे, केजच्या घरामागच्या गोठ्यात राहिले होते, आणि हा लहान असताना अंगणाच्या पलीकडूनच त्याच्याशी बोलायचे, हे मला ठाऊक नव्हतं. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी टीबीच्या गोळ्या सोडल्या होत्या. टीबी म्हटलं की गणराजला ते अंगण दिसतं. त्यात तनुजा एवढीशी.

"मग मला सांगायचं ना," मी म्हणाले.

"काय सांगू? आहे म्हणू का नाही म्हणू? मलाच कळत नाही, तर तुला काय सांगू."

धनेश आतून बाहेर आला. त्याने समजुतीच्या स्वरात जे सांगितलं त्याने मी आणखीनच गोंधळले. भेकराच्या गाठींतलं पाणी काचेवर घेऊन पाहिलं तर टीबीच्या जंतूंसारख्याच लाल काड्या दिसल्या. म्हणजे टीबी. पण त्याच गाठींची मशीनवरची तपासणी म्हणाली, टीबी नाही. मग जंतू वाढवून बघायला दुसरीकडे पाठवले, त्याला आठवडे लागतात, आणि नुकताच वनखात्याचा फोन आला की तो टीबीच्या जातकुळीतला, पण दुसराच कुठला तरी जंतू निघाला. मातीत, पाण्यात असतो म्हणे. इकडे गणराजने सरकारी दवाखान्यात स्वतःच्या थुंकीची तपासणी केली, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ.

मी म्हणाले, मग झालं की. सुटलास तू. कशाला बसलायस इथे?

गणराजने मान हलवली. "भेकराचंपण टीबी नाही असंच आलं होतं, दिपाली. तरी मेलंच की ते."

धनेशने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. मी मात्र पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते पटलंसुद्धा, ही गंमत. स्वच्छ तपासणी झालेलं जनावर जर गाठींनी भरलेलं निघू शकतं, तर स्वच्छ तपासणीचा माणूस आतून कसा आहे हे कुणी सांगायचं? मी तनुजाला छातीशी घट्ट धरलं. मघाशी ज्याच्या मागे सरकण्याचा मला राग येत होता, त्याच्यापासून आता मीच दोन पावलं मागे आले होते.

ते माझ्या लक्षात आलं आणि मी उखडले, स्वतःवरच. असं चालणार नाही, म्हटलं. चिंचवडला छातीच्या डॉक्टर आहेत, निवेदिता म्हणून, आमच्या बालवाडीतल्या एका मुलीच्या दम्यावर त्यांनी औषध दिलं होतं. आत्ताच्या आत्ता निघायचं. तो कपडे बदलेपर्यंत मी खोलीत शिरून त्याचं सामान पिशवीत कोंबायला लागले. कोपऱ्यात त्याचं ताट आणि ग्लास पालथे घातले होते. दोन्हीला कंपनीचे पिवळे टॅग, दोऱ्याने बांधलेले, दुसऱ्या कुणी चुकून वापरू नये म्हणून. वस्तूच्या पुढे त्याने ताटाचं नाव लिहिलं नव्हतं. गणराज, असं लिहिलं होतं. कारण, संशय. होल्ड करणाऱ्याची सही त्याचीच. सोडणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. मी ते तसंच पिशवीत टाकलं.

बसमध्ये मी पुढे बायकांच्या सीटवर, तो एकदम शेवटी खिडकीला. तनुजा माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. कंडक्टरने विचारलं एकत्र आहात का, तर मी आधी मागे वळून पाहिलं आणि मग दोन तिकिटं मागितली.

डॉक्टर निवेदितांनी फोटो उजेडात धरून पाहिला, पाठीला नळी लावून सावकाश ऐकलं, वनखात्याचा फोनवरचा निरोप दोनदा विचारून घेतला. कोरडा खोकला त्यांच्या मते ग्राइंडिंगच्या धुराळ्याचा होता. फुप्फुसात काही नव्हतं. हरणाला जे झालं ते दिसायला टीबीसारखं असलं तरी ते जंतू वेगळे, ते माती-पाण्यातून एखाद्या खंगलेल्या जिवाला गाठतात, एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुढे म्हणाल्या, बाळाला घ्या, काही हरकत नाही, खोकला वाढला तर पुन्हा दाखवा.

गणराज पुढे सरकून बसला. "सहसा म्हणजे?"

"सहसा म्हणजे सहसा. आमच्याकडे शंभर टक्के असं कुठल्याच गोष्टीला म्हणत नाहीत. पण माझं मूल असतं तर मी तुमच्याकडे दिलं असतं."

माझ्यासाठी ते पुरेसं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडलेलाच होता. दवाखान्याच्या खाली झाडाभोवती पार बांधलाय, तिथे आम्ही बसलो, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. रस्त्यावर शनिवार-रविवारसारखी गर्दी होती, गुरुवारच असल्यामुळे. मी म्हटलं, आता घरी चल. तो म्हणाला, अजून थोडे दिवस थांबू. मी म्हटलं, कशासाठी? तो म्हणाला, कळेपर्यंत. मी म्हटलं, काय कळेपर्यंत? तो आपल्या तळव्यांकडे बघत बसला. मास्कच्या वरचे डोळे इतके थकलेले होते की मला एकदम त्या भेकराची आठवण झाली, जे मी पाहिलेलंही नव्हतं.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतके दिवस तो परत येण्याची वाट बघत होते. तो कसा येणार होता? ज्याने होल्ड केलं त्याने सोडायचं नाही. आमटीच्या साध्या डब्यावर ज्याने कधी स्वतः सही केली नाही, तो स्वतःवर कशी करेल? मला लग्नापासून पाठ असलेला नियम, आणि नेमका गरजेला आठवला नाही.

मी वर जाऊन काउंटरवरून पेन मागून आणलं. पिशवीतून ताट काढलं. तो काय चाललंय ते बघत होता. खरं सांगायचं तर त्या भेकराला नेमकं काय झालं होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. टीबी नाही म्हणजे काय, सारखं म्हणजे किती सारखं, सहसामध्ये किती माणसं मावतात, काहीच नाही. तनुजा माझ्या मांडीवर मूठ चोखत होती.

"दिपाली, नीट विचार कर," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर?"

"तर पहिली मानगूट माझी. मला माहीत आहे नियम."

मी सही केली. ताट माझ्या गुडघ्यावर हलत होतं, त्यामुळे ती वेडीवाकडी आली. टॅग तोडून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, वरपासून खालपर्यंत, तपासायची त्याची सवय आहे तसा. मग उठून पाराजवळच्या नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुतले. परत आला तेव्हा हातांतून पाणी ठिबकत होतं. मी माझा पदर पुढे केला, त्याने हात पुसले आणि मधली जागा सोडून न बसता अगदी चिकटून बसला.

आधी डोक्याखाली तळवा, मग पाठीखाली, नर्सने शिकवल्याप्रमाणे. तिला आता तो आधार लागत नाही. तो निघोज्याला असताना ती मान धरायला लागली होती. मी ते त्याला सांगितलं नाही. त्याने तिला उचलली, छातीशी घेतली, आणि मास्कच्या आतून त्याचा आवाज आला.

"जड झाली गं."